बिनगाठींचा चौकोन

सोयाबीनचं रोप उपटायचं नसतं, खणून काढायचं असतं. उपटलं की मुळावरच्या गाठी मातीतच राहतात आणि हातात नुसतं उघडं मूळ येतं. वर्गात हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. म्हणून श्रावणातल्या त्या शनिवारी विहिरीजवळ हातातल्या रोपाला एकही गाठ दिसेना, तेव्हा पहिला संशय मला माझ्याच हाताचा आला. मी खुरपं घेतलं, शेजारचं रोप चारी बाजूंनी मोकळं केलं, ढेकळासकट उचललं आणि बकेटीतल्या पाण्यात हलवत हलवत धुतलं. मूळ लांब, पांढरं, स्वच्छ होतं. गाठ नव्हती.

मग मी वर बोरीच्या झाडाकडे गेले आणि तिथलं एक रोप तसंच काढलं. त्याच्या मुळाला हरभऱ्याच्या डाळीएवढ्या गाठी लगडलेल्या होत्या. एक गाठ ब्लेडनं उभी चिरली. आत गुलाबी रंग होता, नुकत्याच खरचटलेल्या कातडीसारखा. गुलाबी म्हणजे आतले जिवाणू जिवंत आहेत, कामाला लागलेले आहेत, हवेतला नत्र रोपाला देत आहेत. एकच शेत, एकच बियाणं, एकाच दिवसाची पेरणी. वर गाठी होत्या आणि विहिरीजवळ नव्हत्या.

हे शेत पाटोद्याच्या बाजूला उतारावर आहे. जमीन हलकी, मुरमाड. ते कसायचे हे, म्हणजे माझे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाव घ्यायची सवय मला लागली नाही. लिहितानाही 'हे' असंच येतं. मी बीडला एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावाकडे यायचं, असा आमचा संसार. यंदा वैशाखात हे दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यामुळे यंदाचं सोयाबीन ह्यांच्याविना आलेलं पहिलं पीक. बियाण्याला जिवाणूखत मीच लावलं होतं. गुळाचं पाणी केलं, निवू दिलं, त्यात पाकिटातली काळी भुकटी कालवली, बियाण्याला हलक्या हातानं चोळली आणि पडवीच्या सावलीत पोत्यावर पसरून वाळवलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांबाला टेकून बघत होत्या. "ह्ये माह्या लेकराचं काम," एवढंच त्या म्हणाल्या.

गाठी नव्हत्या तिथली रोपं मरतुकडी असती तर मी पाकिटाला दोष देऊन गप्प बसले असते. पण ती तशी नव्हती. ती बाकीच्या रानापेक्षा उंच, गर्द हिरवी आणि रुंद पानांची होती. आणि त्या गर्द हिरव्या तुकड्याला कडा होत्या. बांधावर उभं राहून बघितलं की सरळ रेषेत एक रंग संपून दुसरा सुरू व्हायचा. कोपरेसुद्धा दिसत होते. नांगरट आणि कुळवाची पाळी यांनी ते थोडे पुसले होते, तरी दिसत होते. आपल्या मनानं उगवलेल्या कशालाही असे कोपरे नसतात. तो कुणाच्या तरी हातचा चौकोन होता.

घरी येऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्या शेंगा निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"चांगलं हिरवं हाय म्हणतीस, मग तोंड कावून उतरलंय?"

"कुणीतरी तिथं खत टाकलंय, आत्याबाई. भरपूर. आपल्याला न सांगता."

तेव्हा हात थांबला. "दुसऱ्याच्या रानात खत कोण टाकतंय? ज्याला रान आपलं वाटतं त्यो."

त्याच पुढे म्हणाल्या, "आज खत टाकील, उद्या चार मान्सं उभी करील अन् म्हणंल, वहिवाट माझी हाय. बाई बीडला, म्हातारी घरात. त्याला काय अवघड हाय?"

'त्याला' म्हणजे कुणाला, हे विचारायची गरज नव्हती. दर उन्हाळ्यात आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवणारा एक मेंढपाळ होता. ह्यांच्याच वयाचा, ह्यांच्याबरोबर शाळेत काही वर्षं गेलेला. त्याचा कळप लहान, तो लांब मुलखाला जात नसे. इथल्याच डोंगरउतारांवर फिरायचा. रोज कळप ओढ्यावर पाण्याला न्यायचा तो आमच्या बांधालगतच्या पट्ट्यातून. हे गेल्यावर गाव दारावर येऊन गेलं. हा आला नाही. तेराव्याला रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभा असलेला कुणी कुणी पाहिला म्हणे. आत आला नाही.

आत्याबाईंनी तारेच्या कुंपणाचं आधीच ठरवून टाकलं होतं. पोळा झाला की खांब येणार होते. प्रश्न एवढाच होता की बांधालगतचा पट्टा कुंपणाच्या आत घ्यायचा की बाहेर सोडायचा. आत घेतला तर मेंढ्यांना ओढ्यावर जायला डांबरी रस्त्यानं वळसा घालावा लागणार, आणि त्या रस्त्यानं आता खडीचे टिप्पर धावतात.

"तू शिकलेली हायेस," आत्याबाई म्हणाल्या. "बघ अन् सांग. त्यानंच केलं असंल तर वाट बंद. अन् मेंढ्या बी न्हाई बसायच्या आपल्या रानात, म्या हाय तवर."

म्हणजे निकाल माझ्यावर आला. खरं सांगायचं तर माझ्या मनानं तो देऊन टाकला होता. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच संशय येत होता. ह्यांना तपासणाऱ्या डॉक्टरचा, महिनाभर आधी बदलून दिलेल्या गोळ्यांचा, पेरणी करून गेलेल्या ट्रॅक्टरवाल्याचा, बोलता बोलता शेताचा गट नंबर विचारणाऱ्या पाहुण्याचा. माणूस असा जेवून झोपतो आणि उठत नाही, याला कुणीतरी कारण असलंच पाहिजे, असं काहीतरी डोक्यात चाललेलं असायचं. मेंढपाळावर तो संशय सहज बसला. शिवाय त्याचं वागणंच त्या संशयाला खाऊ घालत होतं. शेतात मी दिसले की तो लांबूनच कळप वळवायचा. एकदा मी हात केला. त्यानं पाहिलं, खात्रीनं पाहिलं, आणि एका बकरीला उगाच शिव्या देत ओढ्यात उतरून गेला.

हे असताना असं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावाकडे असले की रोज दिवस कलताना हे चपला घालायचे.

"कुठं?"

"जागा दाखवून येतो."

मेंढ्या रात्री एका जागी जाळं लावून बसवतात. लेंडी आणि मूत मातीत जिरलं की तेच खत. दुसऱ्या दिवशी जाळं पुढे सरकवायचं, असं करत सगळं रान खतवायचं. त्यासाठी रोज जायची काय गरज, मला कळायचं नाही. जाळं शेजारी सरकवायला काय दाखवायचं असतं? मला वाटायचं, बिडी ओढायला आणि गप्पा मारायला हे निमित्त आहे. एकदा मी सोबत गेले होते. ह्यांनी चपलेनं मातीत एक रेघ ओढली.

"उद्या हितं."

"अन् बोरीकडची जागा?" मेंढपाळ म्हणाला.

"ती परवा. तुला घाई काय बे? मेंढ्यांची वरात काढायचीय का?"

"वरात आमची कुठली. तुमच्या रानात आमी घरजावई."

दोघं हसले आणि मग खरंच बिडी निघाली. मी परत आले. एवढंच मला त्या रोजच्या जाण्याबद्दल माहीत होतं.

रविवारी दुपारी आत्याबाई लवंडल्यावर मी माझी जुनी पुस्तकं काढली. जे वर्गात तोंडपाठ सांगते तेच मला पुन्हा वाचायचं होतं. शेंगवर्गीय पीक आणि जिवाणू यांच्याबद्दल आम्ही शिकवताना मैत्री, सहजीवन असे गोड शब्द वापरतो. नीट वाचलं तर त्यात मैत्रीपेक्षा पारख जास्त आहे. मूळ मातीत एक द्रव्य सोडतं. ठरावीक जिवाणूंनाच ते कळतं, आणि ते उत्तरादाखल स्वतःचं द्रव्य सोडतात. उत्तर ओळखीचं निघालं तरच मुळावरचा बारीक केस वळतो आणि जिवाणूला आत घेतो. आत घेतल्यावरही रोप त्याच्यावर सगळं सोपवून देत नाही. पानांत तयार झालेली साखर रूप बदलून गाठीपर्यंत पोहोचते, जिवाणू तिच्यावर जगतात आणि नत्र देतात. तो नत्र रसातून वर पानांकडे, शेंगांकडे जातो. पण एखाद्या गाठीतून नत्र येईनासा झाला तर रोप तिकडे जाणारा प्राणवायू आवळून धरतं. गाठ आतून सुकते.

आणि एक गोष्ट. मातीतच तयार नत्र भरपूर असेल तर रोप जिवाणूंना दारात उभं करत नाही. मुळाला ते कळतं, मुळांतून पानांकडे आणि पानांतून परत मुळांकडे निरोप फिरतात, आणि नव्या गाठी धरणं थांबतं. ज्याला घरात आयतं मिळतंय तो भागीदार कशाला शोधेल?

म्हणजे माझ्या पाकिटात खोट नव्हती आणि हातातही नव्हती. चौकोनातल्या रोपांनी जिवाणूंना नाकारलं होतं, कारण कुणीतरी त्यांना आधीच खाऊ घातलं होतं. आता प्रश्न उरला तो, युरिया की आणखी काही. युरिया हातानं फेकला तर असे कोपरे येत नाहीत. फेकणाऱ्याचा हात गोल फिरतो. हे मनात आलं आणि मी पुस्तक तसंच उघडं ठेवून शेताकडे निघाले.

चौकोनाचा विहिरीकडचा कोपरा मी खुरप्यानं उकरला. माती इतर ठिकाणापेक्षा काळपट आणि भुसभुशीत होती, आणि लेंड्यांचा न कुजलेला चुरा अजून हाताला लागत होता. बोरीकडच्या मातीतही लेंडी होती, पण तुरळक, शोधावी लागे अशी. थोडं आणखी उकरल्यावर बाभळीची एक खुंटी निघाली. वरचं टोक पाळीनं तोडलेलं, खालचं तासलेलं. जाळ्याची खुंटी.

म्हणजे हे गेल्यावरही त्यानं मेंढ्या बसवल्या होत्या, कारण हे असताना जाळं रोज हलायचं. एकाच ठिकाणी, कितीतरी रात्री. आम्ही घरात सुतकात बसलेलो, रानाकडे कुणी फिरकत नव्हतं, आणि हा आमच्या विहिरीजवळ मुक्काम ठोकून होता. आत्याबाईंचा अंदाज खरा ठरत होता. खुंटी पदराखाली घेऊन मी ओढ्याच्या वाटेवर जाऊन बसले. कळप यायचाच होता आणि इथून त्याला वळवायला जागा नव्हती.

तो आला. मला बघून थबकला. मेंढ्या माझ्या दोन्ही बाजूंनी पाण्याकडे गेल्या आणि आम्ही दोघंच उरलो. मी खुंटी पुढे केली.

"ही तुमची का?"

त्यानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "माझीच हाय." मग खाली बघत म्हणाला, "लई जळालं का वो?"

"काय जळालं?"

"पीक. त्या जागचं. एका जागी लई बसलं की जळतंय, बाई. म्या समदा पावसाळा तिकडं बघितलं न्हाई. बघायचा धीरच झाला न्हाई."

"मग बसवल्या कशाला एका जागी?"

"जागा कुणी दाखवली न्हाई."

मला वाटलं, हा मला वेड्यात काढतो आहे. "जागा दाखवायला काय लागतं? पुढं रान मोकळं होतं की."

"रान तुमचं हाय, बाई." तो हे शांतपणे म्हणाला. "मालकानं रेघ मारल्याबिगर आमी जाळं हलवत न्हाईत. माझ्या बापानं बी कधी हलवलं न्हाई. आपल्या मनानं सरकायला लागलो तर मान्सं काय म्हनतेल? रान आपलंच समजून फिरतोय म्हनतेल." मग जरा थांबून म्हणाला, "त्या दिशी सांजच्याला म्या वाट बघत बसलो. बिडी पेटवून ठिवली. मंग पोरांनी येऊन सांगितलं."

"निघून जायचं होतंत मग."

"कसा जाऊ? अर्धं रान खतवून? मालकाला सगळ्या रानाचा शब्द दिलता. अन् सुतकात तुमच्या दारात येऊन इचारू का, जागा दाखवा म्हनून? तेराव्याला आलतो. लिंबापशी उभा ऱ्हायलो. आत म्हातारी रडत व्हती. म्हनलं, आता हिला काय इचारावं. तसाच माघारी गेलो अन् जाळं काढलं."

मेंढ्या पाणी पिऊन वर यायला लागल्या. एका कोकरानं माझ्या पदराला तोंड लावलं. "हाड् बे," तो त्याला म्हणाला आणि मग मला, "तुमाला न्हाई, बाई. त्याला."

मी विचारलं, "आणि मी हात केला तेव्हा पळालात का?"

"काय तोंड दावू? मालक गेले अन् मागं म्या त्यांचं रान जाळून ठिवलं."

परत येताना मी त्याचं सगळं बोलणं उलटसुलट करून पाहिलं. शब्दाला शब्द जुळत होता. चौकोनाच्या कडा, खुंटी, बोरीकडची तुरळक लेंडी, ह्यांचं रोज सांजेला चपला घालणं. आम्हाला ज्या गोष्टीचा संशय होता, की त्याला रान आपलं वाटतं, नेमकी तीच टाळायला तो एका जागी बसून राहिला होता. तरीही एक गोष्ट मनातून जाईना. चौकोन विहिरीजवळ होता. हौद तिथेच, सावली तिथेच. वैशाखात मेंढपाळाला याहून सोयीची जागा कुठली? ती जागा ह्यांनीच शेवटची दाखवली होती हे सांगणारा आता तोच एकटा.

आत्याबाईंना मी सगळं सांगितलं, गाठींचंही. रोप कसं ओळखतं, कसं नाकारतं, तेही. त्या मन लावून ऐकत होत्या.

"ह्ये तुझं पुस्तक म्हणतंय का त्यो म्हणतोय?"

"दोघंही."

"दोघं मिळून बी खोटं बोलू शकतेत." मग त्यांनीच विचारलं, "लिंबापशी उभा व्हता म्हणतोस?" त्या कधी कधी मला लेकासारखं बोलून जायच्या, आणि त्यांच्या ते लक्षात यायचं नाही. "म्या बघितलं व्हतं त्याला. म्हनलं, आत येईल. न्हाई आला."

"सुतकाच्या घरात जागा कशी विचारायची म्हणून."

"मंग कुणाला इचारायची? जाणारा तर सांगून न्हाई गेला."



पोळ्यानंतर खांब आले. खड्डे घेणारा माणूस दोर धरून बांधावर उभा होता आणि पट्टा आत की बाहेर, हे विचारत होता. आत्याबाईही आल्या होत्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाहेर म्हणाले. शिवाय विहिरीकडच्या अंगाला मेंढ्या जातील एवढं लाकडी फाटक ठेवायला सांगितलं, आणि त्याला कुलूप. कुलपाची किल्ली माझ्याकडे राहील असंही सांगितलं. तो माणूस हसला. "वाट बी द्यायची अन् कुलूप बी?" मी हो म्हणाले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

काढणीला चौकोनातलं सोयाबीन लोळलं होतं. पाला मणभर, शेंग थोडी. जळालं मात्र नव्हतं. वरच्या रानात झाडं बुटकी होती आणि शेंगांनी भरलेली.

दिवाळीच्या सुट्टीत मी मेंढपाळाला निरोप धाडला. रान रिकामं होतं. सांजेला मी ह्यांच्या चपला घातल्या. माझ्या पायाला त्या मोठ्या होतात, पण रेघ नीट ओढता येईल असं वाटलं. आत्याबाईंनी चपला पाहिल्या आणि "कुठं" विचारलं नाही. मी फाटक उघडलं. मेंढ्या आत आल्या, धूळ बसेपर्यंत तो जाळं खांद्यावर घेऊन उभा राहिला. गेल्या खेपेला अर्धं राहिलेलं रान बोरीपलीकडे होतं, विहिरीपासून लांब. मी तिथे गेले आणि चपलेनं मातीत रेघ ओढली. ती वाकडी आली.

"आज इथं," मी म्हणाले.

त्यानं रेघेकडे पाहिलं, मग लांब विहिरीकडे पाहिलं, आणि पहिली खुंटी ठोकायला बसला. ठोकता ठोकता त्यानं विचारलं, "अन् उद्या?"

"उद्या सकाळी येऊन आधी आजची जागा बघीन," मी म्हणाले. "मग सांजेला सांगीन."